त्रेपन्न लाख

“मग त्या गोळ्या जातात कुठे?” डॉक्टर शार्दूल खांबेटेंनी विचारलं.

“पोटात,” शेवंती म्हणाली.

“पोटात गेल्या असत्या तर हिमोग्लोबिन वाढलं असतं. सहा वर्षं लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि आकडा दहाच्या पुढे सरकत नाही. तुम्ही गोळ्या घेत नाही.”

“घेते.”

“घेत नाही.”

शेवंतीने पदराने मान पुसली आणि खिडकीबाहेर खाडीकडे बघत राहिली.

शेवंती जुवाटकर खाडीवर तर चालवायची. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. आधी तिचे सासरे चालवायचे. ते थकले, नवरा मच्छीमारी ट्रॉलरवर गेला, आणि वल्ही हिच्या हातात आली. वय एकोणतीस. बारीक चणीची, बोलायला मोकळी. पण त्या दिवशी मोकळी नव्हती.

ग्रामपंचायतीचा यंदाचा नवा ठराव असा होता की तर चालवणाऱ्याने दरवर्षी डॉक्टरचा दाखला आणायचा. दाखला नाही तर तर नाही. पंचायतीची बैठक तीन आठवड्यांवर आली होती.

डॉक्टर शार्दूलनी कागदावर लिहिलं: ‘रक्तक्षय. तर चालवण्यास अपात्र.’

“आधी रक्त वाढवा,” ते म्हणाले. “मग बघू.”

“सगळे तसंच म्हणतात,” शेवंती म्हणाली आणि उठली.

मी तेव्हा त्या धर्मादाय रुग्णालयात रक्त तपासायचो. माझं नाव मुबारक. तिच्या रिपोर्टातले आकडे माझ्याच हातचे. मी दुसरा एक कागद द्यायला आत आलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या कानांवर पडलं.

शेजारच्या खुर्चीत पळणिटकर बाई बसल्या होत्या.

डॉक्टर यशोधरा पळणिटकर. वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं मोठ्या शहरातल्या कॉलेजात शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर या खाडीकाठी येऊन राहिल्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांना कुणी मॅडम म्हटलेलं मी ऐकलं नाही. सगळ्यांच्या त्या बाई.

शार्दूल त्यांच्याकडे सहा महिन्यांसाठी आला होता. एमडी, सुवर्णपदक. बाई रिपोर्ट न बघता निदान करतात असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. ते गुपित शिकून घ्यायचं आणि परत जायचं, असा त्याचा बेत होता.

शेवंती गेल्यावर बाई म्हणाल्या, “शार्दूल, हिला काय झालंय?”

“लोहाची कमतरता.”

“कशावरून?”

“हिमोग्लोबिन दहा पूर्णांक दोन. लाल पेशी लहान, आकार त्रेसष्ट. ऐंशी तरी हवा. शिवाय बाईमाणूस, खेडं, गरिबी.”

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. परत घातला.

“पहिल्या दोन गोष्टी तिच्या रक्तात सापडल्या,” त्या म्हणाल्या. “उरलेल्या तीन कुणाच्या रक्तात सापडल्या?”

शार्दूलचे कान लाल झाले.

“बाई, लहान पेशींची कारणं मला पाठ आहेत. लोह कमी, थॅलेसेमिया, जुनाट आजार, क्वचित शिसं अंगात जाणं. पण शंभरातल्या बहुतेकांना लोहच कमी असतं.”

“आणि ही?”

“ही काय?”

“ही शंभरातली कितवी?”

...

शार्दूल म्हणाला, “गोळ्या खरंच घेत असेल तर मग आत कुठेतरी रक्त जातंय. पोटात व्रण असेल. कर्करोगही असेल. शहरात पाठवून दुर्बिणीने तपासायला हवं.”

“हं,” बाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ बघितलं. “तिचा रिपोर्ट खिशात ठेव. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांची जखम बघायचीय. चल. मुबारक, तूही चल.”

“मी कशाला, बाई?”

“होडीत एखाद्याला उचलून घ्यावं लागलं तर माणूस हवा.”

मला वाटलं, बाई स्वतःबद्दलच बोलतायत.

*

धक्क्यावर शेवंती होडीतलं पाणी उपसत होती. आम्हाला बघून ती उभी राहिली. शार्दूलकडे मात्र तिने बघितलं नाही.

बाई होडीत चढल्या आणि पुढच्या टोकाला, नाळेजवळच्या फळीवर बसल्या. मी मागे. शार्दूल मधे बसायला निघाला.

“तिथे नको,” बाई म्हणाल्या. “वल्ह्यांपाशी बस.”

“मी?”

“शेवंते, वल्ही याला दे.”

“बाई, ओहोटी लागलीय. पाण्याला ओढ हाय.”

“दे तू.”

शार्दूल हसला. तो रोज पहाटे पाच किलोमीटर पळायचा. दंड तालमीतल्यासारखे. त्याने बाह्या सरसावल्या, वल्ही धरली आणि पहिलाच हात असा मारला की माझ्या तोंडावर पाणी आलं.

दहा हात बरे गेले.

मग होडीने तोंड फिरवलं. त्याने डावं वल्हं जोरात ओढलं तर ती उजवीकडे जास्तच फिरली. उजवं ओढलं तर गरकन आल्या वाटेला लागली. धक्क्यावर जाळं विणत बसलेले दोघे काम थांबवून बघायला लागले.

“डाक्टर, धक्का मागं राहूदे की वो,” त्यातला एक ओरडला. “आमच्याकडंच परत का येताय?”

शेवंतीने पदर तोंडाला लावला.

खाडीच्या मध्यावर आलो तेव्हा शार्दूलचा शर्ट अंगाला चिकटला होता. तोंड उघडं. छातीचा भाता चाललेला. होडी पुढे जायच्या ऐवजी समुद्राकडे वाहत निघाली होती. त्याचे तळवे सोलवटले होते, पण तो वल्ही सोडायला तयार नव्हता.

“शेवंते,” बाई म्हणाल्या, “आता तू घे. नाहीतर मुंबईला पोचू.”

शेवंतीने अलगद जागा बदलली. वल्ही धरली. तिने जोर लावलेला मला दिसलाच नाही. नुसती पुढे वाकायची, मागे यायची. होडी मात्र दोरीने ओढल्यासारखी सरळ निघाली. वर तिचं बोलणंही चालू झालं. काल बाजाराचा दिवस होता. बावीस फेऱ्या झाल्या. एका माणसाने बकरी आणली होती. बकरी मधेच पाण्यात उतरायला बघत होती.

पलीकडचा काठ जवळ आल्यावर बाईंनी घड्याळ समोर धरलं.

“शार्दूल, तुझी नाडी मोज.”

त्याने मोजली. “एकशे अठ्ठेचाळीस.”

“अजून?”

“अजून.”

“आता तिची मोज.”

शेवंतीने एक वल्हं आत घेतलं आणि हात पुढे केला. शार्दूलने तिच्या मनगटावर बोटं ठेवली. सकाळपासून तो पहिल्यांदाच तिच्या इतका जवळ बसला होता.

“शहाण्णव,” तो म्हणाला.

“तुझं हिमोग्लोबिन किती?”

“पंधरा पूर्णांक चार.”

“तिचं?”

“दहा पूर्णांक...”

...

पाणी होडीच्या बुडाला चापट्या मारत होतं.

“तिला सवय आहे,” शार्दूल म्हणाला. “रोजचा सराव आहे. त्यावरून रक्ताबद्दल काही सिद्ध होत नाही.”

मला वाटलं, आता बाई चिडणार. पण त्यांचा चेहरा उजळला.

“अगदी बरोबर,” त्या म्हणाल्या. “वल्ह्याने निदान होत नाही.”

“मग हे सगळं कशासाठी केलंत?”

“वल्ह्याने शंका येते. निदान तुझ्या खिशात आहे. वाच.”

शार्दूलने ओलसर कागद काढला. घडी उलगडली.

“हिमोग्लोबिन दहा पूर्णांक दोन. पेशींचा आकार त्रेसष्ट.”

“हे सकाळी वाचलंस. मधे काय लिहिलंय?”

“मधे?”

“हिमोग्लोबिनच्या खालची ओळ.”

शार्दूलने बघितलं. ती ओळ प्रत्येक रिपोर्टात असते. मी रोज छापतो. ती कुणी मोठ्याने वाचलेली मी तोवर ऐकली नव्हती.

“लाल पेशींची संख्या,” त्याने वाचलं, “त्रेपन्न लाख.”

तो थांबला.

परत वाचलं.

“त्रेपन्न लाख...”

“शेवंते, होडी थांबव,” बाई हळूच म्हणाल्या. “डॉक्टर विचार करतायत.”

शेवंतीने वल्ही पाण्यात आडवी धरली. होडी जागच्या जागी डुलायला लागली.

“पण लोह कमी असेल तर शरीराला माल पुरत नाही,” शार्दूल स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “मग पेशी लहान होतात आणि संख्येनेही कमी होतात. हिच्या लहान आहेत... पण कमी नाहीत. माझ्यापेक्षा जास्त आहेत! माझ्या एक्कावन्न लाख आहेत. हिच्या त्रेपन्न!”

“पुढे?”

“आकाराला संख्येने भागायचं. त्रेपन्न लाख म्हणजे पाच पूर्णांक तीन दशलक्ष. त्रेसष्ट भागिले पाच पूर्णांक तीन...” त्याने हवेत बोटाने भागाकार केला. “बारासुद्धा येत नाहीत! तेराच्या खाली! म्हणजे लोहाचा दोष नाही!” आणि तो ताडकन उभा राहिला. “बाई! थॅलेसेमिया मायनर!”

होडी एका बाजूला कलली. मी फळी धरली. शेवंतीने एका हाताने होडी सावरली आणि दुसऱ्या हाताने शार्दूलचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

“बसा वो! सगळ्यांना बुडवाल.” मग तिचा चेहरा उतरला. “काय झालंय मला? काय नाव घेतलंत ते?”

शार्दूल तोंड उघडणार, इतक्यात बाईंनी कागदावर पंजा पालथा ठेवला. सगळे आकडे झाकले गेले.

“अजून काही झालेलं नाही,” त्या शेवंतीला म्हणाल्या. “याला एक शंका आलीय. चांगली शंका आहे. तुझं रक्त परत एकदा घेऊ, मग सांगू.”

“पण बाई, तेराच्या खाली आहे,” शार्दूल म्हणाला.

“सकाळी तुला शंभर टक्के खात्री होती. लोह म्हणालास.”

“हो.”

“आता किती आहे?”

“शंभर...” त्याने जीभ चावली.

“तो भागाकार वाट दाखवतो,” बाई म्हणाल्या. “घरात नेऊन बसवत नाही. आधी काय तपासशील?”

“हिमोग्लोबिनचा ए-टू भाग. थॅलेसेमिया मायनरमध्ये तो वाढलेला असतो.”

“त्याच्याही आधी?”

शार्दूलने सोलवटलेला तळवा पाण्यात बुडवला.

“लोहाचा साठा,” तो शेवटी म्हणाला. “फेरिटिन. साठा कमी असेल तर ए-टू खाली येतो. वाढलेला असूनही वाढलेला दिसत नाही. थॅलेसेमिया असून नजरेतून सुटेल. दोन्ही एकदम असू शकतात.”

“शेवंते,” बाई म्हणाल्या, “चल आता. म्हातारबुवा वाट बघत असतील.”

परत येऊन धक्क्यावर उतरल्यावर शार्दूलने बाईंना विचारलं, “तुम्ही ती ओळ वाचली होती?”

“सोमवारीच. रिपोर्ट आला तेव्हा.”

“मग सकाळी सांगितलं का नाही?”

बाईंनी त्याचा उजवा हात धरला आणि तळवा वर केला. सोलवटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. शार्दूल कळवळला.

“मुबारक,” त्या म्हणाल्या, “याला मलम दे.”

*

फेरिटिन माझ्याच यंत्रावर निघालं. अडुसष्ट. लोहाचा साठा व्यवस्थित.

शार्दूल आकडा बघत माझ्या स्टुलावर बसला.

“मुबारकभाई, ती गोळ्या घेत होती,” तो म्हणाला.

“हो.”

“मी तिला तोंडावर खोटं पाडलं.”

मी बाटल्या जागेवर लावत राहिलो.

ए-टूची तपासणी आमच्याकडे होत नव्हती. नमुना शहरात गेला. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत शार्दूलने रुग्णालयातले जुने रिपोर्ट काढले. दुपारची जेवणाची सुट्टी तो माझ्या खोलीत फायली मांडून बसायचा आणि प्रत्येक रिपोर्टातली ती एक ओळ वाचायचा. त्याला आणखी चार माणसं सापडली. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाणारी. चौघांनाही त्याने पोस्टकार्ड टाकून बोलावलं. पुढे सगळी मायनरच निघाली असं नाही. एका बाईंना दोन्ही होतं असं वाटत होतं. त्यांना त्याने आधी लोह दिलं आणि तीन महिन्यांनी परत यायला सांगितलं.

“थांबायला शिकला,” बाई मला म्हणाल्या. त्याला नाही म्हणाल्या.

नवव्या दिवशी पाकीट आलं. ए-टू, पाच पूर्णांक चार. साडेतीनच्या वर असला की वाढलेला धरतात.

शार्दूलने पाकीट घेतलं आणि तडक धक्क्याकडे निघाला. मी मागे. पायांत त्याच्या रुग्णालयाच्या सपाता होत्या. त्या बदलायचंही त्याला सुचलं नाही.

शेवंती नुकतीच पलीकडून आली होती. माणसं उतरत होती. कुणाच्या डोक्यावर भाजीची पाटी, कुणाच्या कडेवर पोर. शार्दूल त्या गर्दीतच तिच्यासमोर उभा राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “तुम्ही खोटं बोलत नव्हता.”

शेवंती बघतच राहिली.

“गोळ्या तुम्ही घेत होता. सगळ्या. चूक माझी होती. माझ्याआधी ज्यांनी ज्यांनी तुम्हाला बोल लावला, त्यांचीही होती.”

“मग रक्त का वाढत नव्हतं?”

“कारण ते कमी नव्हतंच. तुम्ही जन्मापासून अशाच आहात. आईकडून किंवा वडिलांकडून आलंय. तुमच्या रक्तातल्या पेशी लहान आहेत, म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा कमी दिसतो. पण शरीराने त्या जास्त बनवल्यात. भागवून घेतलंय.”

शेवंतीने जरा विचार केला.

“म्हणजे होडी लहान हाय, पण फेऱ्या जास्त.”

शार्दूल तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसला. “हो! अगदी तसंच! कॉलेजात इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.”

“आणि आता गोळ्या?”

“लोहाच्या बंद. आजपासून. साठा भरलेला असताना उगाच घ्यायच्या नाहीत. पुढे कुणी डॉक्टरने द्यायला काढल्या तर हा कागद दाखवायचा.”

शेवंतीने कागद घेतला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तिने तो नीट बघितला, वरपासून खालपर्यंत. मग ती होडीच्या कडेवर बसली आणि एकदम रडायलाच लागली. रडता रडता हसत होती. भाजीच्या पाटीवाली बाई पाटी खाली ठेवून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. कशासाठी, ते त्या बाईला काहीच माहीत नव्हतं.

“सासूबाई म्हणायच्या, ही गोळ्या खाडीत टाकते,” शेवंती म्हणाली. “नवरापण एकदा म्हणाला. मलाच वाटायला लागलं होतं... झोपेत टाकते की काय मी.”

मग तिने डोळे पुसले. शार्दूलकडे बघितलं. आवाज बारीक झाला.

“डाक्टर, मूल?”

“मूल?”

“लग्नाला सहा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी दवाखान्यात सांगितलं, रक्त बारावर गेल्याशिवाय मूल होऊ देऊ नका, जिवावर बेतेल. आम्ही थांबलो. बारा कधी झालंच नाय.”

शार्दूलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

सहा वर्षं. एका न वाचलेल्या ओळीपायी.

“तुमच्यामुळे काही अडत नाही,” तो म्हणाला. “पण एक गोष्ट बघायला हवी. तुमच्या नवऱ्याचं रक्त.”

“त्यांचं कशाला? ते तर बैलासारखे हायत.”

“तुम्हीपण आहात,” शार्दूल म्हणाला. “पण हेच त्यांच्याही रक्तात असलं, तर दोघांकडून मिळून मुलाला मोठा आजार होऊ शकतो. चारांतल्या एकाला. त्याला जन्मभर दुसऱ्याचं रक्त द्यावं लागतं. फक्त तुमच्यात असलं तर तसं काही होत नाही. मूल फार तर तुमच्यासारखं होईल.”

शेवंती होडीवरून उठली.

“ते सोमवारी येतील,” ती म्हणाली. “ट्रॉलर सोमवारी लागतो.”

*

दत्ताराम जुवाटकर सोमवारी धक्क्यावरून थेट आला. अंगाला मासळीचा वास, दाढी वाढलेली. शेवंतीने त्याला घरीही जाऊ दिलं नव्हतं. बंदरातच गाठून, होडीत घालून आणलं होतं.

“कोणता हात?” त्याने विचारलं आणि दोन्ही पुढे केले.

मी रक्त घेतलं. नळी यंत्राला लावली. यंत्राला मिनिटभर लागतं. माझ्या मागे शार्दूल उभा होता. त्याचा श्वास मला मानेवर लागत होता. दाराबाहेर बाकावर ते दोघं नवराबायको बसलेले.

आकडे आले.

“मुबारकभाई, ओळीने वाचा,” शार्दूल म्हणाला. “एकही सोडू नका.”

मी वाचले. हिमोग्लोबिन चौदा पूर्णांक सहा. लाल पेशी एकोणपन्नास लाख. आकार अठ्ठ्याऐंशी.

“अठ्ठ्याऐंशी!” मी म्हणालो. “डॉक्टर, पेशी मोठ्या आहेत! सांगू त्यांना?”

शार्दूलने माझा दंड धरला.

“जवळजवळ नक्की आहे,” तो म्हणाला. “पण त्यांनी सहा वर्षं एका अर्धवट वाचलेल्या रिपोर्टावर काढलीत. ए-टू येऊ दे. तोवर इतकंच सांगू, की लक्षण चांगलं आहे.”

तेवढंच सांगितलं. दत्तारामने ट्रॉलरवरची एक खेप सोडली आणि तो घरी थांबला. शेवंती रोज संध्याकाळी शेवटची फेरी झाली की रुग्णालयाच्या पायरीवर येऊन बसायची. काही विचारायची नाही. शार्दूल बाहेर येऊन मान हलवायचा, ती जायची. दुसऱ्या दिवसापासून बाईही तिच्या शेजारी पायरीवर बसायला लागल्या. दोघी मिळून ओल्या शेंगा खायच्या आणि गावातल्या लग्नांबद्दल बोलायच्या.

पाकीट आलं त्या संध्याकाळी ते शार्दूलने पायरीवरच फोडलं.

“दोन पूर्णांक सहा.”

“म्हणजे?” शेवंतीने विचारलं.

“म्हणजे त्यांच्यात नाही. काहीही नाही. म्हणजे, ताई...” त्याने बाईंकडे बघितलं.

बाईंनी शेंग सोलली. “तुझा पेशंट आहे. तूच सांग.”

“म्हणजे आता थांबू नका,” शार्दूल म्हणाला.

शेवंती उठली. दोन पावलं गेली. परत आली. तिने बाईंना मिठी मारली, मग काय करतेय हे कळून लाजली, मग शार्दूलला म्हणाली, “मुलगी झाली तर तीपण अशीच होईल? लहान पेशीवाली?”

“निम्मी शक्यता आहे.”

“होऊ दे,” ती म्हणाली. “वल्ही हायत.”

आणि ती धक्क्याकडे पळत सुटली. तिथे दत्ताराम होडी बांधत होता. पायरीवरून आम्हाला तिचं बोलणं ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं, की दत्तारामच्या हातातली दोरी सुटली, होडी आपली आपण खाडीत निघाली, आणि ती आणायला दोघांपैकी कुणीच हललं नाही. शेवटी जाळंवाल्या दोघांनी पोहत जाऊन ती धरली.

पंचायतीच्या बैठकीला दाखला वेळेवर पोचला. ‘तर चालवण्यास पूर्णपणे पात्र.’ सरपंचांनी विचारलं, रक्त वाढलं का? शेवंती म्हणाली, “नाय. डाक्टरना मोजता यायला लागलं.” सगळी बैठक हसली.

दुसऱ्या दिवशी तिने घावने आणि नारळाचा गोड रस आणला. डबाभर. आम्ही तिघांनी बाह्यरुग्ण विभागाच्या टेबलावरच खाल्लं. शार्दूलने एकट्याने सात घावने संपवले.

हात धुऊन त्याने शेवंतीचा केसपेपर पुढे ओढला. राहिलेलं काम पुरं करायला बसला. लाल पेशींची संख्या त्याने सगळ्यांत वर लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या. मग फेरिटिन. मग ए-टू. नवऱ्याचे आकडे. निदान लिहिलं.

मग पेन थांबलं.

“बाई.”

“हं.”

“उपचाराचा रकाना आहे.”

“असतो.”

“लोह बंद केलं. दुर्बीण रद्द केली. दुसरं औषधच नाही. आपण काही दिलंच नाही तिला.” त्याने पेन खाली ठेवलं, परत उचललं. “इथे काय लिहू?”

...

बाईंनी बोटाला लागलेला नारळाचा रस चाटला.

“कोरा सोड,” त्या म्हणाल्या. “आणि खाली ठसठशीत सही कर.”